मदत हवी आहे: आधी एक मिसकॅरेज, आता सातवा आठवडा. व्यायाम किती चालेल?

शेवंती: आज ७ आठवडे ३ दिवस. याआधी एकदा ९व्या आठवड्यात मिसकॅरेज. परवाच्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे, ठोके दिसले, स्पॉटिंग नाही. प्रोजेस्टेरॉनची तोंडावाटे घ्यायची गोळी रात्री चालू आहे. दिवस राहण्याआधी रोज १२ सूर्यनमस्कार आणि आठवड्यातून ३ दिवस २० किलोचे स्क्वॉट. डॉक्टर म्हणाल्या, "चाला, पण जपून." सासूबाईंचं म्हणणं, पलंगावरून उतरायचंच नाही. जपून म्हणजे नक्की किती?

गवतीचहा: आधी सासूबाईंचा मुद्दा. पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याच्या आसपास मिसकॅरेजमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तो जिना चढल्याने होत नाही आणि झोपून राहिल्याने टळत नाही. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता मात्र वाढते. शिवाय बद्धकोष्ठ, जे प्रोजेस्टेरॉनमुळे आधीच असतं.

डॉक्टरांना "स्क्वॉट चालू ठेवू का, किती किलो?" असं थेट विचारा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं.

त्यांची हरकत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हे नेहमीचं माप. म्हणजे ३० मिनिटं, ५ दिवस. मळमळीच्या दिवसांत १०-१० मिनिटांचे तुकडे करा. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, या दिवसांत नाडी मुळातच जलद असते.

स्क्वॉटचं वजन साधारण निम्म्यावर आणा, १०-१२ वेळा, उठताना श्वास सोडत. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब वाढतो, चक्करही येते. गोळीने सकाळी गुंगी असेल तर वजनं संध्याकाळी.

सूर्यनमस्कार डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, ४-५ आणि संथ. उडी मारून पाय मागे नेऊ नका. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक पूर्ण बंद. बंद खोलीत घामाघूम होणं, स्टीम, सॉना नको. शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर जाणं या आठवड्यांत वाईट. व्यायामाआधी अर्धं केळं खा. उलट्यांनी पाणीही ठरत नसेल त्या दिवशी व्यायाम नाही.

उंबरा: वरचं सगळं एकाच मिसकॅरेजनंतरचं आहे, इतरांनी सरसकट उचलू नये. कॅनडाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत वारंवार झालेले गर्भपात "आधी डॉक्टरांशी बोला" या यादीत आहेत. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, जुळं असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा सोनोग्राफीत गर्भाभोवती रक्त साठलेलं दिसलं असेल, तर हे प्रमाण लागू नाही.

शेवंती: चालून आल्यावर ओटीपोटात ओढ लागते. थांबवू का?

गवतीचहा: हलकी ओढ असेल आणि बसल्यावर १०-१५ मिनिटांत जात असेल तर बहुधा वाढत्या गर्भाशयाच्या बंधांचा ताण. वेग कमी करा. पाळीसारख्या कळा, वाढत जाणारं किंवा एकाच बाजूचं दुखणं, डाग, या कशालाही व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

उंबरा: तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, भोवळ आली, छातीत दुखलं, किंवा पोटदुखीसोबत खांद्याच्या टोकाशी दुखलं, तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल. एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल तर ती चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डाग दिसल्यावर फोनवर पहिल्या वाक्यातच सांगा.