एकत्र कुटुंबात वाढलेले कुणी आहेत का इथे?

सोनचाफा:
आम्ही तिघंच, बाथरूम दोन, तरी सकाळी वादावादी. सासरे सांगतात, त्यांच्या घरी रोज वीस-बावीस ताटं लागायची आणि न्हाणी एकच. चालायचं कसं? ‘सगळे गुण्यागोविंदानं राहायचे’ सोडून खरं काय ते सांगा.

कऱ्हाडचा गडी:
गुण्यागोविंदानं? आमच्या न्हाणीपुढं रोज महाभारत व्हायचं. कऱ्हाडजवळचं खेडं. आज्जी-आजोबा, चार चुलते, त्यांच्या बायका, एक आत्या (माहेरपणाला आली ती राहिलीच) आणि पोरं किती ते मोजायच्या फंदात कुणी पडलं नाही. थोरली काकी पहाटेच बुरकुंडं घालून तांब्याचा बंब पेटवायची. जेवढं गरम काढाल तेवढं गार वरून ओतायचं, नाहीतर बंब कोरडा पडून सांध्यांची झाळ सुटते. धाकटा चुलता कधी ओतायचा नाही. १९८७ साली टीव्हीवर ‘रामायण’ सुरू झालं आणि आज्जीनं फर्मान काढलं, पारोश्या माणसानं रामापुढं बसायचं नाही. त्यामुळं रविवारी साडेनवाच्या आत सगळ्यांच्या आंघोळी! निम्मी पोरं नुसते केस ओले करून बसायची.

पण खरी गंमत न्हाव्याची. तो महिन्यातनं एकदा यायचा आणि लिंबाखाली पोरांची रांग लागायची. सगळ्यांना एकच कट, बारीक मशीन. एकदा शेजारचं पोरगं गोट्या खेळायला बोलवायला आलं. रांग दिसली, त्याला वाटलं खाऊ वाटतायत, बसलं मधीच. न्हाव्यानं मान खाली दाबली आणि मशीन फिरवली. त्याचे केस जोतिबाच्या नवसाचे राखलेले! त्याची आई तावातावानं आली. आज्जी शांतपणे म्हणाली, “बस गं, चा घे. केस कुठं गेलेत, हितंच पडलेत की.” पण आठ-दहा डोक्यांच्या ढिगातनं त्याचे निवडायचे कसे? शेवटी सगळा ढीगच फडक्यात बांधून थोरल्या चुलत्याला डोंगरावर पिटाळलं. न बोललेला नवस आमचाही फिटला.

सोनचाफा:
😂 देवानं हिशेब कसा लावला असेल! आणि स्वयंपाकाचं काय?

पाटावरची:
ते मी सांगते, माझं माहेर बार्शीकडचं. आधी पोरं, मग पुरुष, शेवटी बायका. गमती सांगताना ही तिसरी पंगत सगळे विसरतात. मटणाच्या दिवशी आई आणि काक्यांपर्यंत नुसता रस्सा यायचा, तोही पाणी वाढवून वाढवून लाल पाणी झालेला.

पण बायका काही कमी नव्हत्या. पातेलं उकळायला लागलं की आई मीठ बघायची, पळीत दोन फोडी घेऊन. मग मोठ्या काकीला शंका यायची, ती बघायची. मग मधली. धाकटी नवी होती, तिलाही “तू बघ गं, आमच्या जिभेला काही कळंना” म्हणून बोलवायच्या. मी दारात राखणीला, माझी एक फोड ठरलेली.

एकदा आजोबा पहिला घास घेऊन म्हणाले, “चौघी मीठ बघता, तरी आळणी कसं?”