लिंबल डर्मॉइड: नुसता तासायचा की कलम लावायचं?

प्रश्न
वय साडेतीन वर्षं. उजव्या डोळ्यात खाली-बाहेरच्या कडेला, लिंबसवर (कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा जिथे पांढऱ्या भागाला मिळतो ती कड) बसलेली पांढुरकी घट्ट जन्मजात गाठ (डर्मॉइड), साधारण 5 मि.मी., वर दोन बारीक केस. सिलिंडर (कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे लागणारा चष्म्याचा नंबर) 4 डायॉप्टर, अक्ष तिरका. चष्मा दिला आहे, चांगल्या डोळ्याला रोज 2 तास पट्टी. गाठ काढली की नंबर जाईल, असं पालकांना वाटतंय. आता काढावी का? आणि किती खोल जावं?

प्रतिसाद 1
पालकांची ती समजूत आधी दूर करा. गाठीकडचा कॉर्निया मुळातच चपटा वाढलेला असतो, त्यामुळे गाठ गेली तरी सिलिंडर बहुतेक तसाच राहतो. व्रण आकसून कधी वाढतोही. काढायची कारणं वेगळी: केस टोचून डोळा सतत चोळणं, गाठीच्या कडेला अश्रूंचा थर न बसून कॉर्निया सुकणं, चरबीची रेघ मध्याकडे सरकणं, नंबर वाढत जाणं, आणि दिसणं. यातलं काही नसेल तर थांबता येतं. आळशी डोळ्याचा उपचार (चष्मा आणि पट्टी) मात्र एक दिवसही थांबवू नका, शस्त्रक्रियेनंतरही नाही.

प्रतिसाद 2
गाठीची खोली यूबीएमवर (डोळ्याच्या पुढच्या भागाची बारीक सोनोग्राफी) मोजा. दाट गाठीत ओसीटीचा (प्रकाशाने थर दाखवणारी तपासणी) प्रकाश अडतो आणि तळ दिसत नाही.

उथळ असेल तर कंजंक्टायव्हा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा) सोडवून क्रेसेंट ब्लेडने (थर तासायचं वाकडं पातं) आजूबाजूच्या कॉर्नियाच्या पातळीपर्यंत तासा, आणि तिथेच थांबा. तळाशी पांढरे तंतू उरले तरी चालतात; त्यांच्या मागे लागलं की छिद्र पडतं. उघडा तळ तसाच सोडू नका. त्या पट्ट्यातल्या लिंबसच्या मूळपेशी गेलेल्या असतात, म्हणून कंजंक्टायव्हा कॉर्नियावर चढून खोटा टेरिजियम (कॉर्नियावर वाढणारा मांसल पडदा) होतो. अम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भाभोवतीचा पातळ पडदा) फायब्रिन ग्लूने (रक्तातल्या प्रथिनापासूनचा गोंद) चिकटवा. क्षेत्र मोठं असेल तर त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूचं लिंबल कलमही घ्या.

गाठ कॉर्नियाच्या निम्म्या जाडीपलीकडे असेल तर लॅमेलर कलम (डोनर कॉर्नियाची, पूर्ण जाडीची नव्हे, काही थरांची चकती). चकती खड्ड्यापेक्षा 0.25 मि.मी. मोठी, 10-0 नायलॉनचे (अतिशय बारीक धागा) सुटे टाके, टाक्यांच्या गाठी आत पुरलेल्या. उथळ वाटली तरी डोनर कॉर्निया हाताशी असू द्या. ऐनवेळी तळ फाटला तर तोच वाचवतो.

प्रतिसाद 3
भूल देण्याआधी कानापुढे मांसाची बोंडं आहेत का, जबडा एका बाजूला लहान आहे का, पाहा. गोल्डनहार सिंड्रोममध्ये (डोळा, कान, जबडा आणि मणके यांचे जन्मजात दोष एकत्र असणं) श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं आणि मानेचे मणकेही जुळलेले असू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. श्रवण, हृदय आणि मूत्रपिंडंही तपासून घ्या.

वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातली मऊ पिवळसर गाठ बहुधा लिपोडर्मॉइड (चरबी असलेली डर्मॉइड) असते. ती डोळ्याच्या खोबणीत मागेपर्यंत जाते. ओढून मुळासकट काढायला गेलं तर अश्रुग्रंथीच्या नलिका तुटून डोळा कोरडा पडतो, पापणी उतरते, दुहेरी दिसतं. फार तर दिसणारा पुढचा भाग काढा.

प्रश्नकर्ता
कलम लावलं तर टाके कधी काढायचे?

प्रतिसाद 2
मोठ्यांपेक्षा बरेच आधी. मुलांची जखम लवकर भरते आणि टाके सैल पडतात. सैल टाक्याभोवती रक्तवाहिन्या आणि जंतू दोन्ही येतात. सैल दिसला की लगेच काढा, त्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागली तरी. स्टेरॉइडचे थेंब चालू आहेत तोवर प्रत्येक भेटीत डोळ्याचा दाब मोजा.