शब्दचर्चा: 'मिनिस्टर' म्हणजे मंत्री नव्हे! चर्चमधल्या सेवेकऱ्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) स्मरणिकेचा इंग्रजी मजकूर मराठीत करायला घेतला आहे. सोबत आधी कोणी तरी मशीनकडून करून घेतलेला मसुदाही आला. त्यात 'एक्स्ट्राऑर्डिनरी मिनिस्टर ऑफ होली कम्युनियन' म्हणजे 'पवित्र सहभागाचे विलक्षण मंत्री', लेक्टर म्हणजे 'व्याख्याते' आणि अकोलाइट म्हणजे 'चेला'! मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी कोण काय करतो हे मला नीटसे ठाऊक नाही. नवे शब्द घडवायचे नाहीत, लोकांच्या तोंडी असलेले हवेत. आणि एक सरळ शंका: ही सगळी बिनपगारी माणसे आहेत, तर सरसकट 'स्वयंसेवक' लिहिले तर काय बिघडेल?

उत्तर (वसईहून)

ताई, 'विलक्षण मंत्री' वाचून आमच्या घरात दहा मिनिटे हसणे चालले होते. शपथविधी कधी, असे धाकट्याने विचारले.

आधी 'मिनिस्टर'. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थच सेवक, चाकर असा आहे. राजाचा सेवक तो पुढे मंत्री झाला. चर्चमध्ये मात्र तो सेवकच राहिला. म्हणून इथे डोळे झाकून 'सेवक' घ्या.

'स्वयंसेवक' सरसकट नको. सणाच्या दिवशी गाड्या लावून देणारी, मांडवात पाणी वाटणारी मुले स्वयंसेवक. मिस्सेत शास्त्रपाठ वाचणारा किंवा गायनवृंदात गाणारा माणूस मदतीला आलेला नसतो, तो उपासनेचाच एक भाग पार पाडत असतो. हे माझे मत नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1963 साली उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि गायनवृंद यांचे काम हे खरेखुरे उपासनेचे काम आहे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि वेदीकडचे जवळपास सगळे धर्मगुरूच म्हणत. मिस्सा मराठीत आली तेव्हा मराठी वाचणाराही लागला, आणि तो बाकांवरून उठून पुढे आला.

आता एकेक घेऊ.

लेक्टर म्हणजे 'वाचक'. व्याख्यात्याचा काही संबंध नाही. रविवारी पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून आणि दुसरे प्रेषितांच्या पत्रांतून असते. ही दोन्ही वाचकाकडे. शुभवर्तमान मात्र धर्मगुरू किंवा डीकनच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) वाचतात, तेव्हा मजकुरात 'वाचकांनी शुभवर्तमान वाचले' असे कुठे झाले असेल तर ते तपासा. मधले स्तोत्र गायले जाते, त्याला 'स्तोत्रगायक' चालेल. वाचकाचे काम लांबून सोपे दिसते. 'थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र' हे एका दमात, न अडखळता माइकवर म्हणून बघा. नवखा वाचक 'पहिले वाचन' हे शीर्षकसुद्धा मोठ्याने वाचून टाकतो. ते म्हणायचे नसते. कोणत्या पुस्तकातले वाचन आहे एवढेच सांगून सुरुवात करायची. म्हणून शहाणा वाचक शनिवारी घरी दोनदा वाचून येतो, आणि अवघड नावांखाली पेन्सिलीने रेघ मारतो.

अकोलाइट म्हणजे मूळ ग्रीकमध्ये मागोमाग चालणारा, अनुचर. 'चेला' त्यातूनच आला असणार. आमच्याकडे 'वेदीसेवक' रूढ आहे, बोलताना 'आल्टर बॉय'. मेणबत्त्या धरणे, घंटी वाजवणे, वाइन आणि पाण्याच्या कुप्या पुढे करणे, धर्मगुरूंच्या हातावर पाणी घालणे ही त्यांची कामे. धूप असेल तेव्हा धुपाटणे हलवणाराही त्यांच्यातलाच.

गायनवृंद, ऑर्गन वाजवणारे, सजावट करणारे यांत अडचण येणार नाही. सॅक्रिस्टन म्हणजे मिस्सेची आतली तयारी पाहणारा माणूस: झगे, पात्रे, मेणबत्त्या, आणि त्या दिवशीचा रंग. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, सामान्य काळात हिरवा, नाताळ-ईस्टरला पांढरा. याला सुटसुटीत मराठी शब्द मला तरी पटलेला नाही. 'सॅक्रिस्टन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत काम सांगा.

पुरवणी शंका

मग 'एक्स्ट्राऑर्डिनरी मिनिस्टर'साठी 'असाधारण सेवक' लिहू का? वाचणाऱ्याला वाटेल, यांनी काही तरी असामान्य कामगिरी केली आहे. आणि उरलेले मग 'साधारण सेवक', म्हणजे बेताचे?

उत्तर (वसईहून)

शंका रास्त आहे. पण तुम्ही शासनाचे राजपत्र पाहिले असेल. त्याच्या माथ्यावर 'असाधारण' छापलेले असते. त्यात कौतुक कुठे असते? नेहमीच्या साप्ताहिक अंकाबाहेर काढलेला अंक, एवढाच अर्थ. इथेही तोच. 1983 च्या धर्मविधीसंहितेनुसार (कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा) कम्युनियन, म्हणजे मिस्सेत भाविकांना मिळणारी पवित्र भाकर, देणारे नेहमीचे सेवक म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि डीकन. माणसे फार आणि देणारे हात कमी असतील तेव्हा नेमलेले प्रापंचिक ते असाधारण. ही सोय पोप सहावे पॉल यांनी 1973 साली सगळीकडे खुली केली.

यात एक खाच आहे, आणि स्मरणिकेत हमखास चूक होते ती इथेच. इंग्रजीत बरेच जण 'युकॅरिस्टिक मिनिस्टर' (म्हणजे मिस्सेचा सेवक) किंवा 'स्पेशल मिनिस्टर' म्हणतात. व्हॅटिकनने 2004 साली लेखी कळवले की असली नावे वापरू नयेत. मिस्सा अर्पण करतात ते दीक्षित धर्मगुरू. हे सेवक फक्त कम्युनियन देतात. तेव्हा 'मिस्सा सेवक' किंवा 'विशेष सेवक' असे काही करू नका. यादीच्या मथळ्यात 'कम्युनियनचे असाधारण सेवक' असे पूर्ण लिहा, आणि लेखांच्या ओघात 'कम्युनियन देणारे प्रापंचिक' म्हणा. आजाऱ्यांच्या घरी छोट्या गोल डबीतून कम्युनियन घेऊन जाणारेही बहुतेक हेच असतात. म्हातारी माणसे रविवारी सकाळी त्यांची वाट बघत अंघोळ करून बसलेली असतात; पदनाम त्यांच्या गावीही नसते.

'प्रापंचिक' हा आमच्याकडे रुळलेला शब्द आहे. धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेला, एवढाच त्याचा अर्थ. संसारात बुडालेला असे कोणी समजू नये.

गोव्याहून एक भर

आमच्याकडे यातली जुनी नावे पोर्तुगीज आहेत. चर्चमध्ये गाणे-वाजवणे शिकवणारा तो 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद. मराठीतला सुतारकामाचा मेस्त्री याच शब्दातून आला. सॅक्रिस्टनला पोर्तुगीजमध्ये 'साक्रिश्तांव'. शिवाय 'कोंफ्रारिया' म्हणजे बंधुमंडळे. त्यांचे सदस्य सणाला खास झगा आणि खांद्यावर आखूड केप घालून मिरवणुकीत चालतात. त्यांना मी सेवक म्हणणार नाही, तिथे 'मानकरी' जास्त शोभेल. त्या मानावरून जुन्या काळी गावागावात काय काय भांडणे झाली ती आठवली, की 'सेवक' लिहिताना हात अडखळतो.

प्रश्नकर्तीकडून

'सेवेकरी' कसा वाटतो? मला तो जास्त मराठी वाटतो. आणि यादीत बायका बऱ्याच आहेत, तर 'वेदीसेविका' करू का?

उत्तर (वसईहून)

'सेवेकरी' छान आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेगाव येईल. शीर्षकात एखाद्या वेळी घ्या, पदनाम म्हणून नको.

बायकांचे म्हणाल तर मुलींना वेदीसेवेची मोकळीक रोमने 1994 साली दिली, तीही बिशपांच्या मर्जीवर सोपवून. तोवर 'आल्टर बॉय' हा शब्द नेमका होता. आता 'आल्टर सर्व्हर' म्हणतात. 'वाचक' आणि 'वेदीसेवक' ही पदे विधिपूर्वक, बिशपांच्या हस्ते कायमची दिली जातात तीही असतात. 1972 साली ती प्रापंचिकांसाठी ठरवली गेली, पण फक्त पुरुषांसाठी. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2021 मध्ये ती स्त्रियांनाही खुली केली. तुमच्या यादीतल्या बहुतेकांची मात्र तशी विधिपूर्वक नेमणूक झालेली नसणार. ते पाळीपाळीने वाचणारे, सेवा करणारे. तेव्हा 'नियुक्त वाचक' असे विशेषण विचारल्याशिवाय जोडू नका. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्याने घोळ होतो, इंग्रजीतही होतोच.

'सेविका' व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याने अंगणवाडी आठवते. 'वाचक' आणि 'वेदीसेवक' दोघांनाही चालवा, आडनावांआधी श्रीमती-कुमारी लागले की कळतेच.

प्रश्नकर्तीकडून

शेवटचे एक. 'अशर' राहिला. मशीनने 'द्वारपाल' दिले आहे.

उत्तर (वसईहून)

गंमत म्हणजे या वेळी मशीन इतिहासाच्या जवळ पोहोचले. धर्मगुरू होण्याच्या वाटेवर पूर्वी चार लहान पदव्या असत, आणि त्यांतली पहिली खरोखरच द्वारपालाची होती. 1972 साली ती रद्द झाली. पण आज 'द्वारपाल' छापले तर लोकांना जय-विजय दिसतील. आमच्याकडे अशरला कोणी पदनामाने हाक मारत नाही. तो माणसांना बाकांवर सरकून बसायला सांगतो, दानाची पिशवी फिरवतो, कम्युनियनची रांग लावतो. 'स्वागत व आसनव्यवस्था' असा मथळा करा आणि खाली नावे द्या. दान गोळा करणारे वेगळे असतील तर त्यांची ओळ वेगळी, नाही तर कोणी तरी रुसेल.