डिजिटल कॅमेरा, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिस सेंटरचे खेटे: तुमचे अनुभव

गोदाकाठची
भाचीला सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. कॉलेजातल्या पोरी घरोघरचे कपाटात पडलेले कॅमेरे शोधून काढतायत, मोबाइलपेक्षा फोटो वेगळे येतात म्हणे. परवा तिनं विचारलं, "मावशी, तुझा कुठंय गं?" आणि जुना राग एकदम वर आला.

2007 साली औरंगाबादला पैठणगेटजवळच्या दुकानातून घेतला होता. भिशीचे पैसे. पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, सगळं जपून ठेवलेलं. वर्ष व्हायच्या आत वेरूळला कैलास लेण्यासमोर चालू केला तर भिंग निम्मं बाहेर आलं, करकरलं आणि तिथंच अडकलं. पडद्यावर 'लेन्स एरर'. दुकानदारानं हात वर केले. सर्व्हिस सेंटर म्हणजे एक टेबल, एक माणूस, एक पावतीपुस्तक. "पुण्याला पाठवावा लागेल." पाठवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. परत आला तो दुरुस्तीविनाच, सोबत चिठ्ठी: आत धूळ गेली आहे, वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या निम्मा! खालचा एक बारका स्क्रू गायब. पडद्यावरच जॉबशीटचा (दुरुस्तीला दिलेल्या वस्तूच्या नोंदीचा) कागद चिकटवलेला, त्याचा डिंक आजही निघालेला नाही.

मराठवाड्यात कॅमेरा विकता आणि धूळ चालत नाही म्हणता? मला आजही हे पटत नाही. तुमचेही अनुभव लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

लातूरची_लेक
सेम टू सेम. लेन्स एरर. गंजगोलाईतून घेतलेला, बाबांच्या रिटायरमेंटला. लई ताप दिला बगा. कुकर लावलाय, नंतर लिहिते

नांदेडचा_मेकॅनिक
ताई, मी बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. खिशातल्या कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. त्या फिरवायला इवलीशी मोटर आणि प्लॅस्टिकचे बारीक दात्यांचे गिअर. वाळूचा एक कण दात्यात बसला की मोटर अडते, कॅमेरा एरर देऊन बंद होतो. कधी आतली फ्लेक्स पट्टी (वायरीचं काम करणारी पातळ पट्टी) सारखी दुमडून तुटते, तरी एरर तोच. सर्व्हिस सेंटरवाले कण काढत बसत नाहीत, अख्खं लेन्स युनिट बदलतात, म्हणून खर्च निम्म्या किमतीवर जातो. आणि चालू-बंद करताना भिंग आतबाहेर होणार, हवा आत ओढली जाणार, धूळ जाणारच. त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

एक विनंती, घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास असतं, सेल काढल्यावरही राहतं. माझ्याकडच्या पोराला बसलाय झटका.

परभणीकर
आमचा वेगळाच प्रकार. फोटो जांभळे, आडव्या रेघा, मग नुसता काळा पडदा. मे महिना, 44 अंश. सेंटरवाला म्हणाला उन्हात ठेवला असेल, वॉरंटीही संपलीय, पैसे भरा. भरले. फार नंतर कळलं की त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सीसीडी सेन्सरमध्येच, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागातच, दोष होता, उष्णता आणि दमटपणानं आतले जोड सुटायचे. ऑक्टोबर 2005 पासून कितीतरी कंपन्यांनी हे जाहीर केलं आणि वॉरंटी संपलेले कॅमेरेसुद्धा फुकट दुरुस्त करून दिले. आमच्यापर्यंत ही बातमी पोचलीच नाही. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला फुकट आणि आम्ही पैसे मोजायचे, हे आजही सलतं.

गोदाकाठची
@परभणीकर अरेरे. हे तर माझ्यापेक्षा वाईट.

हिंगोलीची_सून
2008 ला नांदेडला शिखांचा गुरुतागद्दीचा सोहळा होता ना, आम्ही सगळे गेलो होतो. काय रोषणाई, काय लंगर! सासूबाई अजून त्या जेवणाची आठवण काढतात. आमचा कॅमेरा चांगला चालला हो, त्याबद्दल तक्रार नाही 😊

लातूरची_लेक
आले. तर बाबांनी त्या कॅमेऱ्यासाठी पुण्याला स्वतः दोनदा एसटीनं खेटे घातले. दर वेळी काउंटरवर नवा माणूस, पहिल्यापासून सांगा. शेवटी म्हणाले ठेवा तो, मला नको. नातवंडांचे फोटो काढायचे होते त्यांना. आता बाबा नाहीत. वस्तू बिघडते याचं काही नाही, पण म्हाताऱ्या माणसाला असं उभं करायचं?

हिंगोलीची_सून
🙏 वाईट वाटलं गं वाचून.

बीडचे_गुरुजी
मी ग्राहक मंचात गेलो होतो. वकील लागला नाही. साध्या कागदावर तक्रार, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीटच्या झेरॉक्स आणि 100 रुपयांचा डीडी. कंपनीचं म्हणणं, कार्डावर 'वाद मुंबईच्या न्यायक्षेत्रात' असं छापलंय. मंचानं ते मानलं नाही, कारण विक्री बीडला झाली होती. तारखांवर तारखा पडल्या, पण कॅमेऱ्याची किंमत आणि वर थोडा खर्च मिळाला.

आता तर आणखी सोपं आहे. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (पूर्वीचा मंच) तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार करायची मुदत 2 वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्यावर कंपनी हलते. जॉबशीट घेतल्याशिवाय वस्तू काउंटरवर सोडू नका, आणि वस्तूची अवस्था तिच्यावर लिहून घ्या: ओरखडा नाही, स्क्रू सगळे आहेत. ताईंच्या स्क्रूचं वाचून हेच डोक्यात आलं.

धाराशिवकर
गुरुजी, हे मिक्सरलाही लागू आहे का? आमचा परवाच जळाला, दुकानदार टोलवतोय

बीडचे_गुरुजी
@धाराशिवकर हो, कुठल्याही वस्तूला. बिल आहे ना? दुकानदारालाही पक्षकार करा.

धाराशिवकर
बिल आहे. बायकोनं डब्यात ठेवलंय. धन्यवाद गुरुजी

नांदेडचा_मेकॅनिक
@गोदाकाठची ताई, भाचीसाठी कॅमेरा पाठवून द्या, बघतो. आणि ती नवीन 32 जीबीचं कार्ड घेईल, ते त्यात बहुतेक चालणार नाही. त्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना 2 जीबीपर्यंतचंच साधं एसडी कळतं. जुनं कार्ड सापडतंय का बघा.

गोदाकाठची
दादा, जुनं कार्ड आतच आहे! वेरूळचे फोटो त्यातच असणार. पाठवते, पण कुरिअरनं की लातूर-नांदेडकडं येणाऱ्या कुणाच्या हाती?

नांदेडचा_मेकॅनिक
हाती बरं. कार्ड मात्र काढून घरीच ठेवा.