अनुभव धागा : सोलापुरात शॉर्टफिल्म करताना काय अडलं, कसं सुटलं?

धागा काढणारा

आमच्या कॉलेजची नवी तुकडी यंदा पहिली शॉर्टफिल्म करतेय. मागच्या आठवड्यात सात रस्त्याला चहा घेताना त्यांची यादी ऐकली. कॅमेरा भाड्याने कुठे मिळतो, ड्रोन कोणाकडे आहे, लाईट किती लागतील. आवाजाचं कोणीच विचारलं नाही. ज्यांच्या घरात, कारखान्यात आपण शिरणार त्यांच्या दिवसाचं काय, हेही नाही. आमची फिल्म याच दोन गोष्टींवर बुडायला आली होती.

जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म नगरच्या कॉलेजात शिकताना केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पुरस्काराचं सगळे बोलतात. शूटिंगच्या दिवसांचं कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून हा धागा. एकच अडचण घ्या आणि नीट सांगा. कोणाशी वाद झाला असेल तर नाव नको.

माझ्यापासून सुरू करतो.

आमची फिल्म १२ मिनिटांची. यंत्रमागावरचा बाप आणि त्याच्याकडे परीक्षेची फी मागायला आलेला मुलगा. मित्राच्या मामांचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना, त्यामुळे शेड फुकट मिळाली. पहिल्या सकाळी कॉलर माईक लावला, हेडफोन चढवला आणि मुलाच्या तोंडचा एक शब्द कळेना. नुसती खडखड. मी म्हणालो, "मामा, पाच मिनिटं माग बंद ठेवता का?" त्यांनी ठेवले. पाचाची पंचवीस मिनिटं झाली. एक टेक पुसट, एकात ओळ विसरली, एकात बाहेर रिक्षा. तेव्हा पन्नाशीचे एक कामगार जवळ आले आणि न चिडता म्हणाले, "बाळा, आमचा पगार नगावर हाय." म्हणजे आमचा प्रत्येक रिटेक त्यांच्या मजुरीतून जात होता. मी पॅकअप केलं. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेलो आणि दिवसभर कोपऱ्यात बसून राहिलो. तेव्हा दिसलं ते असं, की तिथे कोणी बोलतच नाही. धागा तुटला की एक खूण, बॉबिन संपली की दुसरी, पाणी हवं तर तिसरी. फारच गरज पडली तर कानाला तोंड लावतात. आणि आम्ही तिथे बाप-लेकाला २२ वाक्यं दिली होती! लिहिणाऱ्या मैत्रिणीने जवळपास सगळी खोडली. मुलगा फीची पावती बापाच्या डोळ्यांपुढे धरतो, बाप बोटांनी "किती" विचारतो, मुलगा दाखवतो, बाप पुन्हा मागाकडे वळतो. त्या खुणा आम्हाला त्याच कामगारकाकांनी शिकवल्या. एकही माग न थांबवता तो प्रसंग तासाभरात झाला. उरलेली चार वाक्यं आम्ही पाळी सुटल्यावर बाहेरच्या बोळात घेतली.

फक्त एक ओळ शेडमध्येच हवी होती, बापाने ओरडून मारलेली हाक. ती नंतर मित्राच्या खोलीत घेतली, भिंतींना जाड सोलापुरी चादरी टांगून, म्हणजे आवाज घुमत नाही. पण शांत खोलीत माणूस ओरडला तरी ते खोटं वाटतं. मग नटाच्या कानात इअरफोन घालून त्यावर मागांची खडखड मोठ्याने लावली. त्याचा आवाज आपोआप चढला, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओळ खरी झाली. मागांचा आवाज आधीच वेगळा घेऊन ठेवला होता. दहा मिनिटं दाराबाहेरून, दहा मिनिटं आतून. आत रेकॉर्डरची लेव्हल बरीच खाली ठेवा. एकदा आवाज फाटला की तो परत शिवता येत नाही.

कॅमेरा सांभाळलेली, कन्ना चौक

शेडचं निघालंच आहे तर उजेडाचंही सांगते. आम्ही पाहणी दुपारी केली, वरच्या पत्र्यातून छान ऊन येत होतं. शूटिंग मात्र रात्रपाळीत. घरी येऊन बघते तर सगळ्या चित्रावर काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. माझा शटर सेकंदाच्या १/६० वर राहिला होता. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवला की पट्टे जातात. मोबाईलवर घेत असाल तर शटर हाताने बांधता येईल असं ॲप टाका. स्वस्त एलईडी बल्बचा भरवसा नाही, त्याच बल्बखाली दहा सेकंद घेऊन आधी मोठ्या पडद्यावर बघा. पूर्ण रात्रीचं काम आम्हाला परत करावं लागलं.

दिग्दर्शन, विडी घरकुल

माझी फिल्म माझ्या अव्वावरच, म्हणजे आजीवरच होती. ती पन्नास वर्षं विड्या वळतेय. पान रात्री भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मोडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. हात इतके भरभर चालतात की पहिल्या दिवशी आमच्या कॅमेरावाल्याला फोकसच सापडेना.

आम्ही म्हणायचो, "अव्वा, ती विडी परत एकदा वळ ना." ती वळायची. पण सुपातला ढीग वाढलेला असायचा. एका शॉटमध्ये मूठभर विड्या, पुढच्यात अर्धं सूप, त्याच्या पुढच्यात पुन्हा मूठभर. एडिटला बसल्यावर काहीच जुळेना. मग उलटं केलं. ढीग हेच घड्याळ धरलं. प्रत्येक कटच्या आधी सुपाचा फोटो, आणि प्रसंग ज्या क्रमाने फिल्ममध्ये आहेत त्याच क्रमाने शूट. अव्वाने तिचं काम तिच्या वेगाने केलं, आम्ही तिच्या मागे धावलो. शेजारच्या दोन काकू चौकटीत बसणार होत्या, त्यांचा त्या दिवसाचा हिशोब आम्ही वर्गणीतून दिला. कारखान्यात खराब विड्यांची छाट होते, ती आमच्यामुळे वाढायला नको, एवढी काळजी घेणं आमचं काम होतं.

भाषेचं त्याहून अवघड. मी अव्वाला मराठीत बोलायला लावलं, कारण परीक्षक मराठी. ती शाळेत उभं केल्यासारखी बोलायला लागली. तिसऱ्या दिवशी मीच तेलुगूत विचारलं, "अव्वा, पहिली विडी कोणी शिकवली?" आणि ती चाळीस मिनिटं थांबली नाही. तिची आई, तिचं लग्न, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी परत सूप मांडीवर घेतलं, सगळं. मी प्रश्नच विसरून रडत होते. पण आमचा एडिटर फक्त मराठी जाणणारा. त्याने पहिला कट वाक्याच्या मधोमध मारला होता. मग मी सगळं बोलणं देवनागरीत लिहून काढलं, प्रत्येक ओळीपुढे वेळ टाकली, शेजारी मराठी अर्थ. आपल्याकडची तेलुगू मराठीत भिजलेली, काही शब्द आंध्रातल्या माणसालाही कळायचे नाहीत. सबटायटलला ११ दिवस गेले आणि ते सगळे कामी आले.

प्रॉडक्शन पाहणारा

मी पाण्याचं लिहितो. बाहेरून आलेल्या मित्रांना हे पटतच नाही. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी नळ येतो. आमच्या फिल्ममधली आई करणाऱ्या काकू पहिल्या दिवशी आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "अरे आज पाणी हाय, आज कसं येऊ?" १४ जण जमलेले, जेवणाची ऑर्डर गेलेली. राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. पाणी भरलं नाही तर पुढचे चार दिवस घर कशावर चालणार?

नंतर मी वेळापत्रक करताना सगळ्यात वर एक ओळ आखली: कोणाच्या भागात पाणी कधी. त्याखाली पाळ्या, त्याखाली ट्यूशन, मग कॅमेऱ्याच्या भाड्याचे दिवस. आधी आम्ही बरोबर उलटं करत होतो. त्यानंतर एकही दिवस वाया गेला नाही.

ध्वनी आणि सहदिग्दर्शन, बाळीवेस

आमची गोष्ट गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली होती. आजोबांसोबत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा गर्दीत हात सुटतो. ही यात्रा वर्षातून एकदा, संक्रांतीला. मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्या, काही आपल्यासाठी परत फिरत नाहीत. सातही काठ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि आमच्या हाती लागला दीड मिनिटाचा वापरता येईल असा भाग. बाकी सगळं पांढरं फटक. बाराबंदी, म्हणजे पांढरा बंदांचा अंगरखा, घातलेली हजारो माणसं आणि वर जानेवारीचं लख्ख ऊन. कॅमेरा ऑटोवर असला की तो चेहरे बघतो आणि कपड्यांची वीण जळून जाते. पांढऱ्यावर उजेड बांधा, चेहरे नंतर थोडे उचलता येतात. जळलेलं पांढरं परत येत नाही.

दुसरं त्या मुलीचं. ती माझी मामेबहीण. स्क्रिप्टमध्ये ती एकटी होती, पण तिला खरोखर गर्दीत सोडायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. मामी कायम दोन हातांच्या अंतरावर. म्हणून एकटेपणाचा शॉटच मिळाला नाही. तो आठ दिवसांनी आमच्या गल्लीत केला. शेजारचे २५ जण, काहींच्या घरच्या बाराबंद्या, आणि कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिथून फक्त कमरा, हात, धोतरं दिसतात. पंचवीस माणसं चौकटीच्या एका बाजूने जाऊन मागून वळून परत येत राहिली. वेळ तीच दुपारची घेतली, म्हणजे सावल्या जुळतात. काठ्यांची नक्कल मात्र केली नाही, ते आम्हाला कोणालाच योग्य वाटलं नाही. त्यावर खऱ्या यात्रेतला आवाज टाकला. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर लांबून जवळ येतो आणि मुलीच्या डोक्यावरून निघून जातो. पडद्यावर तो प्रसंग आला की माझ्या आजही अंगावर काटा येतो.

चौथ्या सेमिस्टरचा

थोडक्यात. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आत ट्रायपॉड लावून प्रसंग घ्यायचा तर आधी लेखी परवानगी लागते. आम्ही आदल्या आठवड्यात जागे झालो, मिळाली नाही. जिथून बुरूज दिसतो अशी एक गच्ची शोधली आणि भांडणाचा प्रसंग तिथे केला. रेल्वे स्टेशनचंही तसंच, परवानगीशिवाय जाऊ नका. ड्रोनवाल्यांनी होटगी रोडचा विमानतळ लक्षात ठेवावा, ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय वेबसाईटचा नकाशा बघूनच जागा ठरवा.

आणि एप्रिलमध्ये दुपारी शूटिंग लावू नका. ४२ अंशांत मोबाईल गरम होऊन बंद पडतो, आणि नटही. आम्ही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ नंतर केलं. मधल्या वेळात जेवण, झोप, डेटा उतरवणं.

एडिटिंग, जुळे सोलापूर

डेटाच्या दोन गोष्टी.

तिसऱ्या दिवशी ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि "फॉरमॅट करायचं का?" असं आलं. कोणीतरी घाईत कार्ड ओढून काढलं होतं. मी नाही म्हटलं, कार्ड पाकिटात घालून खिशात ठेवलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर जुनं बहुतेक परत मिळतं. फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने ४६ पैकी ४१ क्लिप आल्या, पण फाईलची नावं गेली. कोणता शॉट कोणता हे फक्त क्लॅपवरच्या, म्हणजे टेकच्या सुरुवातीला धरतात त्या पाटीवरच्या, आकड्यांमुळे कळलं. पहिल्या दोन दिवशी क्लॅप लावायचा कंटाळा केला होता. त्याच दिवसांचं कार्ड असतं तर आम्ही संपलो असतो. आता कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि दोन्ही डिस्क दोन वेगळ्या घरी.

दुसरी गोष्ट मोबाईलवर शूट करणाऱ्यांसाठी. टेकच्या सुरुवातीला ओठ जुळतात आणि शेवटी आवाज सरकलेला असतो. रेकॉर्डरला दोष देऊन मी चार रात्री घालवल्या. मोबाईल फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, कमीजास्त करतो, हे कारण होतं. सगळ्या क्लिप हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर आणल्या, मग एडिटला घेतल्या. सगळं जागेवर बसलं.

अभिनय केलेली

इथे कॅमेरा-माईकचं पुष्कळ झालं. माझी अडचण घरची. रात्रीचे तीन प्रसंग होते आणि पप्पा म्हणाले, आठनंतर नाही. दिग्दर्शक म्हणाला, दुसरी मुलगी बघू का? मला ते फार लागलं. मी त्याला म्हटलं, आधी घरी ये आणि पप्पांना गोष्ट सांग. फिल्मची परवानगी मागू नकोस, गोष्ट सांग. तो आला, दोन तास बसला, आईच्या हातची शेंगा चटणी-भाकरी खाल्ली, सगळी स्क्रिप्ट वाचून दाखवली. शेवटी पप्पांनी एकच विचारलं, "परत सोडायला कोण येणार?" त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ही आमचीच चूक होती. मग नियम केला, रात्री कोणत्या मुलीला कोण, कोणत्या गाडीवर, किती वाजता सोडणार हे सकाळीच कागदावर आणि तो कागद प्रत्येकीच्या घरी. तिन्ही रात्री पप्पा स्वतः आले. तिसऱ्या रात्री उजेड परतवायला थर्माकोल धरणारा मुलगा आजारी पडला, तर तेच धरून उभे राहिले.

पहिल्या वर्षाचा

आमचं शूटिंग दिवाळीनंतर आहे, शेडमध्येच. धागा काढणाऱ्या दादांना विचारायचं होतं, मामांच्या तिथे रात्रपाळी किती वाजता सुटते? आम्ही आठला पोहोचलो तर चालेल का?

धागा काढणारा

आठलाच सुटते. तुम्ही साडेसातला जा. पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू दे. काकांसोबत चहा घ्या, खुणा बघा. त्यांना सांग, मी पाठवलंय.