'श्लीरेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मुलांसाठीच्या एका विज्ञानपुस्तिकेचं मराठी करतोय. त्यात श्लीरेन छायाचित्रणावर, म्हणजे हवेतले एरवी न दिसणारे फरक फोटोत दाखवणाऱ्या पद्धतीवर, एक प्रकरण आहे. मेणबत्तीवरची गरम हवा, टाळीचा आवाज, बंदुकीची गोळी, सगळं हवेत उमटलेलं दिसतं. मी 'झळचित्रण' असा शब्द योजलाय. चालेल का?

प्रतिसाद : शब्द जर्मन आहे. 'श्लीरे' म्हणजे पारदर्शक पदार्थात एकजीव न झालेल्या भागाची रेघ. 'श्लीरेन' हे तिचं अनेकवचन. पाण्यात साखर टाका, ढवळू नका आणि पेला उजेडासमोर धरा. दाण्यांपासून ज्या वळवळत्या रेषा सुटतात ना, त्याच त्या. भिंगाच्या काचेतही असा दोष राहतो. तो हुडकता हुडकता जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट ट्योप्लरने १८६४ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे विजेच्या ठिणगीतून निघालेली ध्वनिलहर तिच्यात डोळ्यांनी पाहिली.

प्रतिसाद : 'झळचित्रण' मस्त! मे महिन्यात डांबरी रस्त्यावर जे थरथरतं ते पोराटोरांनाही माहीत असतं. ते हेच की.

प्रतिसाद : रस्त्यापुरतं ठीक. पण झळ म्हटली की चटका आलाच, महागाईचीसुद्धा! इथे उष्णता हे फक्त एक कारण. हवेची घनता बदलली की अपवर्तनांक (प्रकाश किती वाकेल ते ठरवणारा आकडा) किंचित बदलतो आणि किरण वाकतो. ती घनता तापमानाने बदलो, दाबाने बदलो, नाहीतर दुसरा वायू मिसळल्याने. फ्रीजच्या दारातून खाली ओघळणारी गार हवाही यात छान दिसते. तिला झळ म्हणाल?

म्हणूनच 'हवेचा प्रवाह दिसतो' हे वाक्यही जपून वापरा. खोलीतल्या पंख्याचा वारा यात जवळजवळ दिसतच नाही. वाहणारी आणि आजूबाजूची हवा सारख्याच घनतेची. दिसतो तो फरक.

प्रतिसाद : मग 'घनताभेदचित्रण' म्हणा.

प्रतिसाद : म्हणा, आणि मूल पान उलटतं का नाही बघा. सरकारी परिपत्रकातला शब्द वाटतो. माझं मत, 'श्लीरेन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या. रेडिओ, लेझर पचवले, हाही पचेल.

प्रतिसाद : 'आवाज दिसतो'चं काय? नुसतं तसं लिहिलंत तर आईची हाक दिसेल असं मुलांना वाटेल. साध्या बोलण्याने हवेचा दाब पन्नास लाखांत जेमतेम एक भाग बदलतो. या छायाचित्रणासाठी आरसा लावून करतात त्या साध्या मांडणीत तो कळत नाही. टाळी, फटाका, ठिणगी असा खणखणीत आवाज हवा. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर पळतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ३४ सेंटिमीटर पुढे, म्हणजे चित्रात नुसता फराटा. दहालाखाव्या भागाचा उजेड मिळाला तर लहर जागच्या जागी उमटते. 'वेगवान कॅमेरा' म्हणजे नेमकं काय, तेही त्याच परिच्छेदात सांगून टाका.

प्रश्नकर्ता : पटलं, 'श्लीरेन'च ठेवतो. आणि शॉकवेव्हला? 'धक्कालहर' लिहिलंय.

प्रतिसाद : 'आघाततरंग' बरा. धक्का गर्दीत लागतो. १८८० च्या दशकात एर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर या भौतिकशास्त्रज्ञांनी ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचे फोटो काढले. टोकापुढचा तो बाकदार तरंग म्हणजे आघाततरंग. विमानाच्या वेगाबद्दल आपण 'मॅक २' म्हणतो तो हाच माख, तेव्हा एकाच पुस्तिकेत दोन उच्चार नकोत.

प्रतिसाद : आणखी एक. या मांडणीतल्या 'नाइफ एज'चं 'सुरीची धार' असं शब्दशः करू नका. अंतर्गोल आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एका बिंदूत येतो तिथे दाढीचं पातं चालतं, तेव्हा सरळ 'पातं' लिहा. ते जवळजवळ निम्मा प्रकाश अडवतं. वाकलेला किरण पात्याबाहेर सुटला तर तो भाग उजळ, पात्यावर आदळला तर काळा. पातं उभं की आडवं हेही नमूद करा. मेणबत्तीच्या वर चढणाऱ्या हवेला दोन्ही बाजूंनी कडा असतात, म्हणून तिथे उभं. आडवं लावलंत तर त्या कडा फिक्या पडतील आणि मुलांना वाटेल प्रयोगच फसला.