ऑक्सिजन ठीक, तरी रोहू वर येऊन धापा टाकतायत

प्रश्न: शेततळ्यात पहाटे ऑक्सिजन लिटरला ६ मिग्रॅ, अमोनिया नगण्य. कल्ल्यांवर पांढरट चिकट थर. नाल्याच्या वरच्या अंगाला प्लेटिंगचा (धातूचा मुलामा देण्याचा) कारखाना आहे. तांबं-जस्त असेल का?

प्रतिसाद १: असू शकतं. आधी कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघा, परजीवींमुळेही असाच थर येतो. ते नसतील तर धातूचा संशय घ्या. तांबं-जस्त कल्ल्यांवरच घाव घालतं. बुळबुळीत स्राव सुटतो, ऑक्सिजन पाण्यात असूनही रक्तात पोचत नाही. तांब्यामुळे अंगातलं सोडियमही झिरपून जातं. पाण्याचा हार्डनेस (कठीणपणा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) किती आहे? कॅल्शियम कमी असेल तर तेवढंच तांबं कितीतरी घातक ठरतं.

प्रतिसाद २: पाण्याचा नमुना ॲसिडने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. आधी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, मगच नायट्रिक ॲसिड, सामू (pH) २ च्या खाली. क्रम उलटा झाला तर गढूळपणातला धातू सुटतो आणि विरघळलेल्या धातूचा आकडा फुगतो. गाळाचा नमुना वेगळा.

प्रतिसाद ३: नाल्याचं पाणी आजच तोडा! तळ्यात चुना टाकला तर धातू खाली बसतो, नाहीसा होत नाही. सामू घसरला की गाळातून परत वर येतो. अहवाल येईपर्यंत मासे विकू नका. कॅडमियम हा आणखी एक विषारी धातू माशाच्या मूत्रपिंडात आणि यकृतात साठतो, तेव्हा नुसतं मांस तपासून भागणार नाही.